फ्रँकफुर्टची सात मिनिटं

माझी ताई द्राहा आणि तिचा पूर्वीचा नवरा ओतोमार यांनी एकमेकांशी बोलणं टाकलं त्याला अकरा वर्षं झाली. बोलणं टाकलं म्हणून भांडण थांबलं असं कुणी समजू नये. भांडण चालूच आहे, फक्त ते आता माझ्या तोंडून चालतं. "तुझ्या दाजीला सांग," असं ही म्हणते. "तुझ्या बहिणीला सांग," असं ते म्हणतात. मी आमच्या पार्दुबित्से गावाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला निरोप नेते आणि दोन्हीकडच्या शिव्या खाते. घटस्फोट त्यांचा आणि पोटगी माझ्याकडून वसूल होतेय. मी अजून त्यांना दाजी म्हणते यावरूनसुद्धा ताई मला टोचते, पण पंचवीस वर्षांची जिभेची सवय कोर्टाच्या एका कागदाने जात नाही.

या दाजींनी आयुष्यभर जमीन मोजणीच्या कचेरीत नोकरी केली, पण माणसाचा खरा धंदा एकच, स्वस्त तिकीट शोधणं. एकाच गाडीतली एकच जागा एका देशाच्या रेल्वेकडून घेतली तर एक भाव आणि शेजारच्या देशाच्या रेल्वेकडून घेतली तर दुसरा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण दाजींची गोष्टच वेगळी. जवळच्या गावाला जायचं तर हा माणूस लांबच्या गावाचं तिकीट काढणार, कारण ते स्वस्त, आणि मधेच उतरणार. सरळ जाता येत असेल तिथे तीन देश फिरून जाणार. त्यांच्या हनिमूनला व्हेनिसला जाताना ताईने एक अख्खी रात्र ऑस्ट्रियातल्या कुठल्याशा स्टेशनाच्या बाकावर बसून काढली होती, आणि ही गोष्ट दाजी बिअरच्या टेबलावर मोठ्या अभिमानाने सांगायचे. ताईने त्यांना त्या बाकावरच सोडून यायला हवं होतं, असं आमची आई मरेपर्यंत म्हणत होती. पुढे त्यांची आताची बायको इवोना त्यांना भेटली तीही गाडीतच. बाईने जायचं तिकीट महागात घेतलं होतं, तर यांनी तिला यायचं स्वस्तात काढून दिलं. येताना दोघं शेजारी शेजारी बसून आले. झालं, अकरा वर्षं झाली त्याला.

ताईचा एकुलता एक मुलगा रादिम बेल्जियममध्ये गेंटला नोकरी करतो. त्याने तिथल्याच हान्ने नावाच्या मुलीशी लग्न ठरवलं. लग्न तिथल्या टाउन हॉलमध्ये, पण पद्धत आपली ठेवायची असं त्याने आधीच सांगितलं होतं. आपली पद्धत म्हणजे नवरीला तिचा बाप आत आणतो आणि नवऱ्याला त्याची आई. सगळे उठून उभे राहतात, आईचा हात मुलाच्या कोपरात, आणि ती त्याला पुढे नेऊन उभा करते. मिनिटभराचं काम. पण शाळेच्या मुदपाकखान्यात सकाळपासून बटाटे सोलणारी माझी बहीण सहा महिने त्या मिनिटभरावर जगत होती. निळा ड्रेस शिवून घेतला, त्याला शोभतील असे बूट घेतले, आणि गुडघा दुखतो म्हणून तेच बूट घालून घरातल्या घरात चालायचा सराव केला.

त्यात इवोनाने पार्लरमध्ये केस कापताना म्हणे असं म्हटलं, की द्राहाला त्या गुडघ्यावर एवढा प्रवास झेपला नाही तर मी आहेच. आता पार्दुबित्सेसारख्या गावात पार्लरमध्ये बोललेलं घरी पोचायला कितीसा वेळ लागतो. ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून गेंटला वेळेवर पोचणं आणि इवोनाला तो हात धरू न देणं या दोन गोष्टी तिच्या डोक्यात एकच झाल्या.

विमानाला ती घाबरते. रादिमचा पैसा घ्यायचा नाही, मुलाच्या लग्नाला मुलाच्या पैशाने जाणारी आई मी नव्हे, असं तिचं म्हणणं. खिडकीवर जाऊन गेंटचं तिकीट विचारलं तर तिचा जवळजवळ पगार जात होता, आणि मला सोबत न्यायचं तर माझाही. शेवटी रादिमनेच बापाला सांगितलं, आईचं आणि मावशीचं तिकीट तुम्ही शोधा. दाजींनी आठवडाभर कॉम्प्युटरपुढे बसून तिकीट काढलं, ते अक्षरशः निम्म्याच्याही निम्म्यात. पार्दुबित्से ते गेंट एकच तिकीट, वाटेत प्राग, ड्रेस्डेन, फ्रँकफुर्ट आणि ब्रसेल्सला गाडी बदलायची. ताईने पैसे पाकिटात घालून माझ्याकडे दिले आणि वर म्हणाली, मोजून घे म्हणावं, माझ्यावर उपकार नकोत.

तिकिटं आणायला मी गेले तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. फ्रँकफुर्टला गाडी बदलायला फक्त सात मिनिटं. मी म्हटलं, दाजी, ताईच्या गुडघ्याचं तुम्हाला माहीत आहे, फ्रँकफुर्टचं स्टेशन केवढं आहे तेही माहीत आहे. त्यावर ते हसले. ते हसू मी ओळखते, बिअरच्या टेबलावरचं आहे ते. म्हणाले, "सात मिनिटं पुरतात. तू तिला एवढंच सांग, तिकिटावर जी गाडी लिहिलीय तिच्यातच बसायचं. पुढचं पुढे."

"पुढचं पुढे म्हणजे काय?"

"तिला समजावून सांगण्यात मी पंचवीस वर्षं घालवली व्लास्ता. आता सुट्टीवर आहे."

मी निरोप जसाच्या तसा पोचवला, सुट्टीचं तेवढं गाळून. ताईने चष्मा लावून तिकीट वाचलं, पुन्हा वाचलं, आणि सात मिनिटांवर बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मग तिकीट पर्समध्ये टाकलं. मलाच वाटलं, चला, एक पीडा टळली.

लग्न दुसऱ्या दिवशी साडेअकराला, आणि आम्ही आदल्या दिवशी पहाटे निघालो. पोर्कची तळलेली श्निट्सेल पावात घालून, लोणच्याच्या काकड्या, थर्मासमध्ये कॉफी, आणि लग्नाच्या छोट्या कोलाच्यांचा, म्हणजे सारण घातलेल्या गोड पावांचा, मोठा डबा. ते कोलाचे ताईने दोन रात्री जागून केले होते, खसखशीचे, प्लमचे आणि पनीरचे. प्रागपर्यंत ती डबा सांभाळत बसली होती. प्राग सुटल्यावर नदीकाठाने गाडी लागली तशी तिने सुरू केलं. हे सात मिनिटांचं त्याने मुद्दाम केलंय. माझा गुडघा त्याला ठाऊक आहे, जिन्याला मला किती वेळ लागतो ते त्याने घड्याळ लावून मोजलेलं आहे. मी फ्रँकफुर्टला अडकले की इवोनाबाईंची वर्णी. मी म्हटलं, अगं, स्वतःच्या पोराच्या लग्नात कोण असं करेल. तर म्हणाली, स्वतःच्या बायकोला हनिमूनला बाकावर कोण बसवेल.

 खरं सांगायचं तर मलाही थोडंसं तसंच वाटायला लागलं होतं. भांडण करणाऱ्यांच्या शेजारी फार दिवस बसलं की त्याचा वास आपल्याही कपड्यांना लागतो.

ड्रेस्डेनला उतरलो. तिकिटावर लिहिलेली फ्रँकफुर्टची गाडी यायला अजून तासाहून जास्त वेळ होता. मी बाक शोधायला लागले, तोवर ताई समोरच्या फलाटावर जाऊन उभी. तिथे एक गाडी लागलेली होती, आणि तिच्यावरही फ्रँकफुर्टच लिहिलेलं होतं.

"ही बघ. आत्ता सुटतेय. हिने गेलो की तासभर आधी पोचतो. मग सावकाश चालत जाऊ, वाटेत कॉफी पिऊ. कुठे गेली त्याची सात मिनिटं?"

"ताई, दाजींनी बजावून सांगितलंय, लिहिलेल्या गाडीतच बसा."

"म्हणूनच बसायचं नाही," ती म्हणाली आणि डबा घेऊन आत चढली.

आता मी फलाटावर एकटी राहून काय करू? माझ्या हातात सुटकेस, तिच्या हातात लग्नाचे कोलाचे. मी चढले. गाडी सुटली आणि ताईने सकाळपासून पहिल्यांदा श्निट्सेलचा पुडा उघडला. एवढी खूश मी तिला कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. काकडी खात म्हणाली, त्या माणसाच्या डोक्यात फक्त भाव असतो, सरळ विचार नसतोच.

टीसी आली ती तरुण मुलगी होती, केस घट्ट बांधलेली. तिकीट बघून तिने मान हलवली. मी बव्हेरियात हॉटेलांच्या खोल्या झाडण्यात सहा उन्हाळे घालवलेत, त्यामुळे जर्मन मला येतं, निदान नकार समजण्यापुरतं तरी येतं. तिचं म्हणणं असं की हे स्वस्तातलं तिकीट आहे, ज्या गाडीचं त्याच गाडीत चालतं, आणि ही ती गाडी नव्हे. या गाडीचं पूर्ण भावाचं तिकीट घ्या, नाहीतर पुढच्या स्टेशनवर उतरा. मी तिला समजावलं, गुडघा दाखवला, लग्न सांगितलं. ताईने डब्याचं झाकण उघडून कोलाचे पुढे केले. मुलीने अभिनंदन केलं आणि पुन्हा तेच वाक्य म्हटलं. तेव्हा ताईने आपल्या भाषेत तिच्या आईबापांबद्दल काहीतरी म्हटलं. चेक त्या मुलीला येत नसणार, पण सूर कळायला भाषा लागत नाही. पुढच्या स्टेशनवर ती दारात उभी राहिली आणि आम्ही खाली उतरेपर्यंत हलली नाही.

ते स्टेशन कसलं, दोन फलाट आणि एक बंद पडलेलं चहा-कॉफीचं यंत्र. मोठ्या गाड्या तिथे क्वचितच थांबतात. मी म्हटलं, काही बिघडलं नाही, आपली लिहिलेली गाडी मागून येतेच आहे, ती पकडू. ती आली. आमच्यासमोरून धाडधाड निघून गेली, थांबली नाही. आमच्या आरक्षित जागा रिकाम्याच पुढे गेल्या. ताई कोलाच्यांचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, ती गाडीकडे बघत राहिली आणि मग माझ्यावर ओरडली, की तुला जर्मन येतं ना, मग गाडी इथे थांबत नाही हे वाचता आलं नाही का. मी म्हटलं, मला जर्मन येतं, भविष्य येत नाही.

छोट्या लोकलने लाइपझिगला पोचलो. तिथे खिडकीवर एक म्हातारासा माणूस होता. त्याने तिकीट खालीवर करून पाहिलं आणि मला सावकाश समजावलं. हे पूर्ण प्रवासाचं एकच तिकीट आहे. रेल्वेच्या चुकीने तुमची पुढची गाडी चुकली असती, तर हे तिकीट मोकळं झालं असतं, मग मागून येणाऱ्या कुठल्याही गाडीत बसा, कुणी अडवलं नसतं. पण तुम्ही स्वतःहून दुसऱ्या गाडीत चढलात. आता ते संपलं. मग त्याने पडद्यावर बघून एक गोष्ट सांगितली, ती त्याने सांगितली नसती तर बरं झालं असतं. आमची लिहिलेली गाडी चाळीस मिनिटं उशिरा धावत होती. रोजच धावते, म्हणाला.

माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. फ्रँकफुर्टची ती सात मिनिटं कधीच मिळणार नव्हती. दाजींना ते माहीत होतं. म्हणून तर त्यांनी ती घेतली. जी गाडी हटकून चुकणार तिचं तिकीट सगळ्यात स्वस्त, आणि एकदा ती चुकली की तेच तिकीट कुठल्याही गाडीला चालणार. धावायचं नाही, पळायचं नाही, गुडघ्याला त्रास नाही, मागच्या गाडीत आरामात बसून जायचं. असली बुद्धी सैतानाला सुचते किंवा आमच्या दाजींना. मी हे सगळं ताईला सांगितलं. ती ऐकत राहिली आणि तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला.

"मग सांगायला काय झालं होतं त्याला? तोंडात मूग धरले होते?"

मला त्या क्षणी दोघांचाही संताप आला. तिचाही आणि त्यांचाही. एकाला चार वाक्यं सांगायची नव्हती, दुसरीला एक ऐकायचं नव्हतं, आणि मध्ये मी सुटकेस ओढतेय. मी म्हटलं, झालं ते झालं, आता दाजींना फोन लावते. ते पाच मिनिटांत काहीतरी काढतील, त्यांच्यासारखा माणूस नाही यात. ताईने माझा फोन हातातून काढून घेतला.

"त्याला फोन केलास तर मी इथून परत घरी जाईन."

"मग रादिमला करू. तो तिकीट काढून पाठवेल फोनवर."

"त्याला काय सांगू? बापाने काढून दिलेलं तिकीट आईला सांभाळता आलं नाही? इवोनासमोर?"

आणि तेवढ्यात रादिमचाच फोन आला तिच्या फोनवर, कुठवर आलात म्हणून. मी समोर उभी होते. माझी बहीण हसऱ्या आवाजात म्हणाली, सगळं छान चाललंय रे, गाडी मस्त आहे, काळजी करू नकोस, रात्री उशीर होईल, तू झोप. फोन ठेवल्यावर मी तिला नको ते बोलले. त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. पूर्ण भावाची तिकिटं घ्यायला आमच्या दोघींच्या पर्सा उलट्या केल्या तरी पुरलं नसतं, हे मात्र खरं होतं.

मग जर्मनीत साध्या लोकल गाड्यांतून दिवसभर कुठेही फिरायचं एक स्वस्त तिकीट मिळतं, ते घेतलं. त्या तिकिटावर जलद गाडी चालत नाही. प्रत्येक गावाला थांबणारी गाडी, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक ठिकाणी जिना चढायचा आणि उतरायचा, आणि लिफ्ट असली तर ती बंद. ज्या गुडघ्याला फ्रँकफुर्टचा एक फलाट जड होता त्याला तिने त्या दिवशी किती जिने दाखवले कुणास ठाऊक. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच. काठी म्हणून तिने माझा खांदा वापरला आणि वर मलाच सांगत होती की सावकाश चाल. शेवटची लोकल आम्हाला हाम नावाच्या स्टेशनवर सोडून संपली. अजून अर्धा जर्मनी नाही तरी एक मोठा तुकडा आणि सगळा बेल्जियम बाकी होता. तिथल्या बाकावर आम्ही लग्नाचे कोलाचे खाल्ले, कारण दुसरं काही उरलं नव्हतं. पनीरचे आंबायला लागले होते. ताई एकदाच म्हणाली की यात खसखस कमी पडली.

सकाळी पहिली गाडी धरून सीमेपर्यंत आलो, तिथून बेल्जियमची गाडी. नकाशावर बघता अजून जमण्यासारखं होतं. मी मनात देवाला म्हटलं, यांच्या भांडणाकडे बघू नकोस, त्या पोराकडे बघ. पण लिएजला गाडी बदलताना ताई जिन्यात बसली ती बसलीच, गुडघा वाकेना. आमच्या डोळ्यांदेखत गाडी गेली. पुढच्या गाडीत बसलो तेव्हा रादिमचा फोन आला. या वेळी तिच्याने खोटं बोलवलं नाही. म्हणाली, तुझ्या बापाने असं तिकीट काढून दिलं की त्यात सात मिनिटं होती, आणि आम्ही अजून लिएजलाच आहोत.

 फोनचा आवाज मोठा होता, म्हणून मलाही सगळं कळत होतं.

"बाबा आणि इवोना परवा असल्याच तिकिटावर आले आई," रादिम म्हणाला. "फ्रँकफुर्टला गाडी चुकली, मागच्या गाडीने आले. रात्रीच्या जेवणाला इथे होते. काल तू मला सांगितलं असतंस तर मी तुला तिथून आणलं असतं."

"थांबवता येणार नाही का रे थोडं?"

"आमच्यामागे दुसरं लग्न आहे. मी विचारतो."

त्याने विचारलं असणार. पण सरकारी कचेरी ती सरकारी कचेरी, पार्दुबित्सेत काय नि गेंटमध्ये काय. ताईने गाडीच्या शौचालयात जाऊन निळा ड्रेस घातला, ते नवे बूट घातले, केस विंचरले. बाहेर आली तेव्हा इतकी सुंदर दिसत होती की मला रडू फुटलं. ती म्हणाली, तू आधी तोंड धू, तुझ्याकडे बघून लोक म्हणतील मयताला आलीय. मग ब्रसेल्स गेलं, आणि पुढचा सगळा रस्ता ती एकच वाक्य घोळवत होती, की त्या बाईने हात धरला असेल. त्या बाईने माझ्या मुलाचा हात धरला असेल.

स्टेशनवरून टॅक्सी केली, शेवटच्या पैशांची. टाउन हॉलच्या पायऱ्यांवर लोक उभे होते, हातात ग्लास. पायऱ्यांवर फुलांच्या पाकळ्या पडल्या होत्या आणि पुढच्या लग्नाची माणसं त्या पाकळ्यांवरून चालत आत जात होती. म्हणजे आमचं होऊन गेलं होतं. ताईने पहिल्यांदा मुलाकडे पाहिलं नाही, इवोनाकडे पाहिलं. इवोना हिरव्या ड्रेसमध्ये एका खांबाजवळ एकटीच उभी होती, आणि लग्नातल्या माणसासारखी दिसत नव्हती. मला वाटलं, निदान लाज वाटतेय बाईला.

रादिम पुढे आला. त्याने आईला जवळ घेतलं, मलाही घेतलं, पण त्याच्या हातांत जोर नव्हता. ताईने लगेच सुरू केलं. सात मिनिटं, गुडघा, ती टीसी, ड्रेस्डेन, आणि तुझ्या बापाने मला एका शब्दाने सांगितलं नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आई, पुरे."

ती थांबली. मग हळूच विचारलं, "इवोनाने आणलं ना तुला आत?"

"नाही."

"मग?"

"मीकेने आणलं. हान्नेच्या आईने." त्याने पायऱ्यांवरच्या एका पांढऱ्या केसांच्या, गोल चेहऱ्याच्या बाईकडे हात केला. ती बाई लांबून आमच्याकडे बघून हसली आणि मग काय समजली कुणास ठाऊक, तिने हसू आवरलं. "तिला आपली पद्धत माहीतसुद्धा नव्हती. दारात सांगितलं तिला, माझा हात धर आणि पुढे चाल."

"पण ती का रे? ती तर नवरीची आई."

"कारण तिचं कुणाशी भांडण नाही," रादिम म्हणाला. "आई, मला दोन मिनिटं चालायचं होतं. कुणाच्या विरुद्ध चालायचं नव्हतं."

त्याला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली आणि तो गेला. आम्ही तिथेच उभ्या राहिलो. ताईचा हात अजून कोपरात घालायला निघाल्यासारखा अर्धा वर होता, तो तिने खाली घेतला. दाजी दोन पायऱ्या खाली, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता तिकिटावरून सुरू होईल, कोण कुठे उतरलं आणि का उतरलं, आणि मी मध्ये पडायला पाऊल उचललं. पण ताईने माझ्याकडे पाहिलं नाही. ती थेट त्यांच्याशी बोलली.

"ओतोमार, तू तरी धरायचास त्याचा हात."

दाजींनी टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"मी पुढे केला होता," ते म्हणाले. "त्याने नको म्हटलं."